अकिहाबारा : हरणाऱ्यालाही पुढचा डाव

टोकियोतील अकिहाबारा स्थानकाच्या ‘इलेक्ट्रिक टाउन’ या बाजूने बाहेर पडले की लगेच रेडिओ काइकान ही बहुमजली इमारत दिसते. नाव रेडिओचे असले तरी आत आता रेडिओ शोधावेच लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या परिसरात रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या टपऱ्यांची दाटी होती. पुढे घरगुती विजेची उपकरणे आली, नंतर संगणक आले. आज येथील कित्येक मजले चित्रकथांतील पात्रांच्या बाहुल्यांनी आणि पत्त्यांनी व्यापले आहेत. रविवारी दुपारी चुओ-दोरी हा येथील मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद ठेवतात. त्या वेळी रस्त्याच्या मधोमध लहान मुले, तरुण आणि हातात काठी घेतलेले वृद्ध सारख्याच निवांतपणे चालताना दिसतात.

माझी भाची टोकियोच्या पूर्वेकडील निशी-कासाई या भागात राहते. तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरेही बरीच आहेत. जुलैअखेरीस आम्ही उभयता काही आठवडे तिच्याकडे राहिलो. तिचा अकरा वर्षांचा मुलगा दर रविवारी अकिहाबाराला पत्त्यांच्या स्पर्धेला जातो, हे तेथे गेल्यावर कळले. ‘पत्ते’ आणि ‘बक्षीस’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्या पिढीच्या कपाळावर आठी उमटते. त्या आठीसह मी तीन रविवार त्याच्यासोबत गेलो. वृद्ध रुग्णांना ‘रोज थोडे चाला, रोज थोडा व्यायाम करा’ असे सांगण्यात माझी पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत. माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा का करतो आणि का सोडून देतो, हा माझ्या व्यवसायातील रोजचा प्रश्न आहे. त्यावर काही शिकण्यासारखे अकिहाबाराच्या चौथ्या मजल्यावर सापडेल, अशी अपेक्षा मात्र नव्हती.

हे पत्ते आपल्या बावन्न पानांसारखे नव्हेत. प्रत्येक पत्त्यावर एका काल्पनिक प्राण्याचे चित्र, त्याची ताकद आणि त्याचे नियम छापलेले असतात. ‘पोकेमॉन’ नावाचा हा खेळ जपानमध्ये १९९६ साली पत्त्यांच्या रूपात आला. पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात; आत कोणते निघतील हे उघडेपर्यंत कळत नाही. मुले आपसात अदलाबदल करून किंवा दुकानातून सुटे विकत घेऊन हवे ते पत्ते जमवतात आणि ६० पत्त्यांची स्वतःची गड्डी बांधतात. म्हणजे मेंढीकोटात हाती आलेल्या पानांवर भागवावे लागते, तर येथे पाने निवडण्यापासूनच खेळ सुरू होतो. ज्यांनी सावंतवाडीची हाताने रंगवलेली गोल दशावतारी गंजिफा पाहिली असेल, त्यांना पत्त्यावरच्या चित्राचे वेड नवे वाटणार नाही.

दुकानाच्या पुढच्या भागात काचेची कपाटे होती आणि त्यांत एकेक पत्ता किमतीच्या चिठ्ठीसह मांडलेला होता. काहींची किंमत चहाच्या एका कपाएवढी, तर काहींची एखाद्या विमानाच्या तिकिटाएवढी. मागच्या भागात लांब टेबले, त्यांवर क्रमांक आणि समोरासमोर खुर्च्या. त्या दुपारी १६ जण आले होते. त्यांत शाळकरी मुले होती, कार्यालयीन नोकरी करणारे तरुण होते, एक आई आणि मुलगी होती, आणि सत्तरीचे वाटणारे एक गृहस्थ होते. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जोडी एकमेकांना किंचित वाकून अभिवादन करी. नंतर तासन्‌तास ऐकू येत होता तो केवळ पत्ते पिसण्याचा आवाज.

सर्वांत आधी माझ्या लक्षात आली ती स्पर्धेची रचना. एकदा हरलेला बाद, अशी पद्धत ठेवली असती तर १६ पैकी ८ जण पहिल्या फेरीनंतर, म्हणजे अर्ध्या तासात, घरी गेले असते. येथे तसे नव्हते. पहिल्या फेरीत जिंकलेल्यांची गाठ जिंकलेल्यांशी, हरलेल्यांची हरलेल्यांशी. पुढच्या प्रत्येक फेरीत ज्याचे गुण आपल्याइतके, तो आपला प्रतिस्पर्धी. चार फेऱ्या झाल्या आणि सोळाही जण चारही डाव खेळले. बाद पद्धतीत एकूण १५ डाव झाले असते. येथे ३२ झाले. या रचनेला ‘स्विस पद्धत’ म्हणतात, कारण १८९५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे बुद्धिबळाच्या स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली. या पद्धतीत हरणाऱ्याला घालवून देत नाहीत. त्याच्यासमोर जवळजवळ त्याच्याच ताकदीचा माणूस आणून बसवतात. डावाची रंगत टिकते ती यामुळे.

शेवटी बक्षिसे वाटली गेली. प्रत्येक खेळाडूला, पहिल्या आलेल्यापासून चारही डाव हरलेल्यापर्यंत, एकेक लहान पाकीट मिळाले. विजेत्याला एक पत्ता अधिक मिळाला, इतकेच. त्या पाकिटाची बाजारातील किंमत नगण्य होती, पण ते दुकानात विकत मिळत नव्हते. ते मिळवण्याचा मार्ग म्हणजे येऊन खेळणे. आमचा चिरंजीव म्हणाला, “मामाआजोबा, दोन हरलो, दोन जिंकलो. पण शेवटचा डाव तुम्ही बघायला हवा होतात!” आपण कितवे आलो हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

शेवटचा डाव तो त्या सत्तरीच्या गृहस्थांशी खेळला होता. त्यांच्या उजव्या हाताला सूक्ष्म कंप होता. पत्ता उचलायला त्यांना वेळ लागे आणि समोरचा मुलगा न कुरकुरता थांबे. भाचीच्या मदतीने मी त्यांच्याशी थोडे बोललो. नातवाला सोबत म्हणून ते प्रथम येथे आले. नातू आता मोठ्या शाळेत गेला आणि त्याने खेळ सोडला. ते म्हणाले, “त्याला वेळ नसतो. मी मात्र दर रविवारी येतो.” मिळालेले पाकीट उघडून आतला पत्ता त्यांनी एका प्लास्टिकच्या वहीत सरकवला आणि शेजारी कागदाच्या चिठ्ठीवर तारीख लिहिली. वहीची पाने मागे उलटून त्यांनी मला दाखवली. रविवारामागून रविवार तेथे ओळीने लावलेले होते. त्या वहीत कितीदा जिंकलो याची नोंद नव्हती. कितीदा आलो याची होती.

मोठ्या बक्षिसांचे जग येथून फार दूर नाही. टोकियोहून रेल्वेने योकोहामाला गेले की मिनातो मिराई या सागरकाठच्या नव्या वसाहतीत पॅसिफिको हे भव्य सभागृहसंकुल आहे. समोर खाडी, एका बाजूला उंच पाळणा आणि मोकळे, स्वच्छ पदपथ. संध्याकाळी फिरण्यासाठी ज्येष्ठांना ही जागा मी आनंदाने सुचवीन. ऑगस्ट २०२३ मध्ये याच संकुलात या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे लहान मुले, किशोर आणि प्रौढ असे तीन वयोगट असतात. वर्षभर ठिकठिकाणच्या स्पर्धांत गुण जमवल्यावर निमंत्रण मिळते. त्यानंतरच्या वर्षी हीच स्पर्धा होनोलुलूला झाली. तेथे चिली देशाच्या १८ वर्षांच्या फर्नांडो सिफुएन्तेस याने प्रौढ गटात ५० हजार अमेरिकी डॉलरचे बक्षीस जिंकले आणि मायदेशी परतल्यावर देशाच्या अध्यक्षांनी त्याचा गौरव केला.

अशा बातमीने हजारो मुलांचे डोळे चमकतात, यात गैर काही नाही. पण एवढे बक्षीस वर्षाला एकाच्याच हाती लागते. बाकीचे सारे पुढच्या रविवारी पुन्हा टेबलावर येतात, ते कशासाठी? या खेळांचा आजवरचा इतिहास म्हणजे या प्रश्नाची निरनिराळी उत्तरेच होत. अशा प्रकारचा पहिला खेळ, ‘मॅजिक : द गॅदरिंग’, रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाने रचला आणि तो १९९३ साली बाजारात आला. त्याच्या मूळ नियमांत प्रत्येकाने आपल्या गड्डीतील एक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे, अशी तरतूद होती. ती टिकली नाही. जिवापाड जमवलेला पत्ता एका डावात गमावणे लोकांना रुचले नाही, शिवाय त्याला जुगाराचा वास येत होता. पुढे १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे रोख बक्षिसांची व्यावसायिक स्पर्धा भरली. त्याच वर्षीच्या जगज्जेत्यासाठी जगात एकच प्रत असलेला पत्ता छापला गेला. पणाला लावणे, रोकड, दुर्मीळ वस्तू, निमंत्रण, गुण आणि केवळ येण्याबद्दलचे लहानसे पाकीट, असे बक्षिसाचे सारे प्रकार या तीन दशकांत वापरून झाले. मोठी रोकड मूठभर कसलेल्या खेळाडूंना दूर देशी ओढून नेते. दर रविवारची खुर्ची भरलेली ठेवते ते लहान पाकीट आणि तोडीचा सोबती.

बक्षीस आणि आवड यांचे नाते सरळ नाही, हे मानसशास्त्राला ठाऊक आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना मुळातच चित्रे काढायला आवडत होते, अशी लहान मुले त्यांनी निवडली. काही मुलांना ‘चित्र काढाल तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनंतर मोकळ्या वेळात कोण किती चित्रे काढते, हे पाहिले. ज्यांना आधी आमिष दाखवले होते, ती मुले इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. जे आपण आनंदाने करत होतो, ते मोबदल्यासाठी करू लागलो, की मोबदला थांबल्यावर आनंदही आटतो.

याचा अर्थ बक्षीस वाईट, असा नव्हे. निशी-कासाईच्या बागेत पहाटे फिरताना त्याचा दुसरा नमुना पाहायला मिळाला. जपानमध्ये १९२८ सालापासून रेडिओवरून व्यायामाचा कार्यक्रम प्रसारित होतो. सकाळी साडेसहाला पियानोचे सूर सुरू होतात आणि बागेत जमलेले लोक त्या तालावर सुमारे तीन मिनिटांत तेरा सोप्या हालचाली करतात. उन्हाळ्याच्या सुटीत शाळकरी मुलेही येतात. त्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेले एक कार्ड असते. व्यायाम संपला की रांग लागते आणि एखादे आजोबा किंवा आजी त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारतात. सुटीच्या अखेरीस पेन्सिल किंवा खाऊ असे काहीतरी किरकोळ मिळते. कोणी हात किती उंच नेला याला गुण नाहीत. शिक्का आहे तो येण्याला. ज्येष्ठांच्या गळ्यात कार्ड नव्हते. त्यांना एकमेकांची हाक पुरेशी होती. एके दिवशी नेहमीच्या एक बाई आल्या नाहीत, तेव्हा व्यायाम संपताच दोघीजणी त्यांच्या घराकडे वळल्या. वैद्यकीय दृष्टीने हा शिक्क्याहूनही मोठा लाभ आहे.

आता आपल्या घरांकडे पाहू. माझ्या परिचयातील एका आजोबांच्या गुडघ्याचे रोपण झाले. ‘रोज अर्धा तास चाललात तर महिन्याने नवा मोबाइल देईन’, असे मुलाने प्रेमाने कबूल केले. आजोबा महिनाभर नेमाने चालले, मोबाइल आला आणि चालणे थांबले. मुलगा म्हणाला, “आता काय देऊ?” मी त्याला काही देण्याऐवजी सोबती शोधायला सांगितले. पलीकडच्या इमारतीत तसेच रोपण झालेले, तितक्याच गतीने चालणारे एक निवृत्त शिक्षक निघाले. दोघांनी सायंकाळी पाचची वेळ ठरवली. तेव्हापासून चालणे सुरू आहे, कारण न जाण्यासाठी आता दुसऱ्याला काहीतरी कारण सांगावे लागते.

पत्ते खेळल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे आश्वासन कोणीही देऊ नये. तसे खात्रीने म्हणण्याजोगा पुरावा नाही. एकटेपणा मात्र नैराश्याशी आणि हृदयविकाराशी निगडित आहे, हे आता नीट मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंध या विषयावर स्वतंत्र आयोगच नेमला. म्हणून बदाम सात असो, रमी असो की कॅरम, ज्येष्ठांसाठी खेळाचा एक वार ठरवताना अकिहाबाराच्या त्या टेबलावरून चार गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, वार आणि वेळ पक्की असावी. ‘कधीतरी बसू’ याला अर्थ नसतो. दुसरी, जोड्या ताकदीप्रमाणे लावाव्यात. पक्षाघातानंतर बोलणे मंदावलेल्या आजींना चपळ नातवासमोर बसवले तर त्या दोन डावांत उठतील. त्यांच्याच गतीची मैत्रीण समोर असेल तर तासभर बसतील. मुद्दाम हरून त्यांना जिंकवू नये. ते त्यांना कळते आणि मनाला लागते. तिसरी, हरलेल्याला पुढचा डाव मिळालाच पाहिजे. चौथी, नोंद ठेवायचीच तर कोण आले याची ठेवावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आलेल्यांच्या नावांची आद्याक्षरे लिहिली तरी पुरे.

शरीराकडेही लक्ष असू द्यावे. सलग दोन तास बसू नये. प्रत्येक डावानंतर उठून चार पावले चालावे आणि घोटभर पाणी प्यावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खेळाच्या रंगात जेवणाची वेळ चुकवू नये. पत्ते मोठ्या अक्षरांचे घ्यावेत आणि उजेड पाठीमागून किंवा बाजूने येईल असे बसावे. बोटांच्या सांध्यांत संधिवात असेल तर हातात पंखा धरून बसण्याऐवजी लाकडी खाच असलेल्या पट्टीत पत्ते उभे करावेत. कोणताही सुतार अशी पट्टी करून देईल. आणि पैसे लावून खेळणे अगदी किरकोळ रकमेनेही सुरू करू नये. पार्किन्सनच्या काही औषधांमुळे जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. तसे काही जाणवल्यास औषध स्वतः बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगावे.

नातवंडे हे पत्ते जमवत असतील, तर आजी-आजोबांनी सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. धोका टेबलावर कमी आणि बंद पाकिटात अधिक आहे. ‘पुढच्या पाकिटात निघेल’ ही आशा, कधी मिळेल ते न सांगणारे बक्षीस, मनाला सर्वांत घट्ट धरून ठेवते. लॉटरीचेही तेच तंत्र आहे. म्हणून महिन्याची रक्कम ठरवून द्यावी आणि ती संपली की थांबावे. हवा असलेला पत्ता सुटा विकत घेणे अनेकदा स्वस्त पडते. स्पर्धेहून परतलेल्या मुलाला ‘जिंकलास का?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘कोणाशी खेळलास?’ असे विचारले तर संभाषण लांबते.

जपानच्या दक्षिणेकडील फुकुओका प्रांतात कावारा नावाचे छोटे गाव आहे. त्यातील साइदोशो ही वस्ती, म्हणजे शब्दशः ‘तांबे काढण्याचे ठिकाण’, एके काळी तांब्याच्या खाणींसाठी ओळखली जाई. मी तेथे गेलो नाही, पण २०२५ साली जपानबाहेरही तिची बातमी पोहोचली. तेथील समाजकेंद्राने मुलांसाठी पत्ते छापले आणि त्यांवर काल्पनिक प्राण्यांऐवजी गावातल्याच प्रौढ आणि वृद्ध पुरुषांची छायाचित्रे घातली. जो गृहस्थ नूडल्स करायला शिकवतो, जो पूर्वी अग्निशमन दलात होता, त्यांच्या नावाने ताकद आणि गुण ठरवले. मुले त्या पत्त्यांनी खेळू लागली. मग रस्त्यात ते आजोबा दिसले की ओळखून हाक मारू लागली, पत्त्यावर स्वाक्षरी मागू लागली. गावाच्या कामांत पुढे येणाऱ्यांची संख्याही वाढली.

पोकेमॉनच्या खेळात एक नियम आहे. डावाच्या आरंभी प्रत्येकाने आपल्या गड्डीतील सहा पत्ते बाजूला पालथे ठेवायचे. इंग्रजी आवृत्तीत त्यांना बक्षिसाचे पत्ते म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा प्राणी हरवला की त्यातला एक उचलायचा. बक्षीस बाहेरून येत नाही. ते आपलेच बाजूला पडलेले पत्ते असतात. आपल्या घरातही कोणाचे हस्ताक्षर सुंदर असते, कोणाला पंचांग पाठ असते, कोणी चाळीस वर्षे यंत्रशाळेत काढलेली असतात. या रविवारी दुपारी चार वाजता टेबल मांडा, शेजारच्या घरातून एकाला बोलवा आणि दिनदर्शिकेवर दोघांची नावे लिहून ठेवा.